प्रेमिलाच्या नावाचं मीटर

गाडी आली त्या दिवशी वाघोडीतला प्रत्येक माणूस कामावर जाताना मेश्रामांच्या अंगणात डोकावून गेला. बॅटरीवर चालणारी तीनचाकी होती. निळा रंग, पाठीला रेक्झीनची गादी, पुढे जाळीची टोपली, आणि मागच्या पत्र्यावर ज्यांच्या हस्ते वाटप झालं त्यांची दहा-बारा नावं. आदल्या दिवशी नागपुरात मोठा मंडप घालून अपंगांना गाड्या वाटायचं शिबिर झालं होतं. प्रेमिला सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत एकाच खुर्चीत बसून होती. सगळ्या वेळात तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण मंडपामागच्या संडासाला तीन उंच, ओल्या पायऱ्या होत्या.

प्रेमिलाचं वय चौतीस. अडीच वर्षांची असताना तिला ताप आला आणि उतरताना तो दोन्ही पाय घेऊन गेला. तेव्हापासून ती हातांवर चालायची. तळहातांत रबरी चपला आणि ढुंगणाखाली दोरीनं बांधलेला टायरच्या ट्यूबचा तुकडा, असं तिचं चालणं. दंड गड्यासारखे झाले होते. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढची शाळा लांब होती. मग बापूजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोन बकऱ्या विकून तिला हाताच्या दांड्याचं शिलाई मशीन आणून दिलं. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं कापड सरकवायचं. त्यावर ती गावातल्या बायांचे ब्लाऊज, परकर, पोरींचे फ्रॉक शिवायची.

पुढे स्लॅबचं घर होतं. त्यात तिचा धाकटा भाऊ प्रशिक, त्याची बायको भावना आणि म्हातारे बापूजी राहायचे. मागे निंबाच्या झाडाजवळ टिनाची एक खोली होती, ती प्रेमिलाची. आई होती तोवर तिथं आई आणि ती, दोघी असायच्या. आई गेली, खोली हिच्या नावावर लागली. खोलीत एक बल्ब आणि एक बटन. वायर मात्र प्रशिकच्या घरातून आलेली, आणि तिचं खरं बटन त्याच्या दाराआड.

"किती घंटे लावा लागते हे?" चार्जर हातात फिरवत भावनानं विचारलं.

"आठ घंटे सांगतलं त्यायनं."

"आठ घंटे! आमचा कूलर बी इतका नाही चालत, ताई."

"लावू दे ना वं," प्रशिक म्हणाला. "पयला दिवस आहे."

गाडी प्रशिकच्या ओट्यावर रात्रभर लागली. सकाळी प्रेमिला तिच्यावर चढली, मूठ पिळली आणि एकटी, कोणी न ढकलता, गावाच्या पाटीपर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा बापूजी अंगणात उभे होते. त्यांनी टोपलीला हात लावून पाहिला. जनावर विकत घेताना माणूस त्याच्या पाठीवर हात फिरवतो तसा.

सात किलोमीटरवर, कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चारुशीलाबाईंचा शिलाईचा कारखाना होता. शाळेचे गणवेश तिथं शिवले जायचे. प्रेमिलाची शिलाई त्यांनी एका लग्नात पाहिली होती. "रोज येऊ शकशील तर ये," त्या म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा ते बोलणं हवेत गेलं होतं. आता प्रेमिला गाडी घेऊन दारात उभी राहिली. दोन पायऱ्या ती हातांवर चढली. चारुशीलाबाईंनी तिला मोटरच्या मशीनवर बसवलं. मोटरचं पायडल पायानं दाबायचं असतं. प्रेमिलानं ते शेजारच्या स्टुलावर ठेवायला लावलं आणि डाव्या कोपरानं दाबलं. सुई अशी सुटली की ती दचकलीच. दिवसभरात तिनं अकरा शर्ट शिवले. घरच्या दांड्यावर तिला तीनही होत नसत.

"हात आहे का मशीन आहे वं?" शेजारची बाई म्हणाली, आणि प्रेमिला कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

महिनाभर ते चाललं. आठवड्याची मजुरी ती भावनाच्या हातात नेऊन द्यायची, आणि भावना चार्जर लावू द्यायची. मग एप्रिलचं ऊन चढलं. प्रशिकच्या घरी कूलर चोवीस तास सुरू झाला. मीटर नवं होतं, रोज किती जळलं ते भावनाच्या मोबाइलवर यायचं. सकाळी उठून ती आधी मोबाइल बघायची, आणि दुसरं काम म्हणजे गाडीचा चार्जर काढायची.

"अर्धीच झाली वं, भावना."

"अर्धीत जाऊन येनं होते. मी पाह्यलं."

कारखान्यात लावायची सोय नव्हती. गाडी बाहेर सडकेला, बोर्ड आत. चारुशीलाबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "वायर रस्त्यावर टाकू देणार नाही. कोणाला शॉक लागला तर जेलमध्ये मी जाईन."

आणि एका दिवशी, दुपारी चार वाजता, घर तीन किलोमीटर राहिलं असताना गाडी हळू झाली. दिवा लाल झाला. मग गाडीही थांबली आणि दिवाही विझला.

रस्ता वीजकेंद्रातली राख नेणाऱ्या ट्रकांचा होता. दोन्ही बाजूंना झाड म्हणून बाभळी, त्याही राखेनं पांढऱ्या. ट्रक गेला की राख उठायची आणि घामावर बसायची. प्रेमिलानं पदर तोंडावरून घेतला. रेक्झीनची गादी मांड्यांखाली तापत होती. मांड्यांना चटका बसत होता, पण त्या हलवता येत नव्हत्या, म्हणून ती मधूनमधून हात घालून बघत होती, कातडी सोलली तर नाही. बाटलीतलं पाणी चहासारखं झालं होतं.

एक जोडपं मोटारसायकलवरून पुढे गेलं, वळून परत आलं. बाई उतरली आणि टोपलीत दहाची नोट टाकली.

"बाई, मी मागत नाही," प्रेमिला म्हणाली. "गाडी बंद पडली माही. थोडं ढकलता का?"

"असू दे, ठेव," बाई म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागे बसून गेली.

पाचच्या सुमाराला तिला लघवी आवरेना. ती गाडीवरून खाली उतरली. हातातल्या चपला त्या दिवशी कारखान्याच्या दारात राहिल्या होत्या. बाभळीपर्यंत वीस हातांचं अंतर. डांबर मऊ झालेलं, त्यापुढे काळी माती आणि राख, चुलीतल्यासारखी. ती दोन तळहात टेकवायची, अंग उचलून पुढे टाकायची, हात उचलून फुंकायची, पुन्हा टेकवायची. बाभळीशी पोचायच्या आधीच लुगडं भिजलं. मग ती तिथंच बसून राहिली, कारण परत गाडीशी जायचं कशासाठी, हे तिला कळेना.

ओळखीच्या ड्रायव्हरनं प्रशिकला फोन केला. प्रशिकही राखेच्याच ट्रकवर होता. तो मोटारसायकल आणि दोर घेऊन आला. त्यानं बहिणीकडे पाहिलं, ओल्या लुगड्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"सारे ड्रायव्हर हसून राहिले माह्यावर," गाडीला दोर बांधताना तो म्हणाला. "मेश्रामची बहीण रोडवर मुतते म्हनून."

तळहातांना फोड आले. चार दिवस तिला सुई धरता आली नाही, चालताही आलं नाही. पाचव्या दिवशी चारुशीलाबाईंचा फोन आला. तिच्या जागी दुसरी बाई बसवली होती. "जूनमध्ये घाई असते, तेव्हा बघू," त्या म्हणाल्या. "पण रोजच्या रोज यायचं असेल तरच. मला अर्ध्या वाटेतला माणूस परवडत नाही."

एप्रिल संपता संपता धम्मानंद घरी आला. तो ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायचा. अपंगांसाठी वेगळी वीजजोडणी देण्याची योजना आली होती. मीटर फुकट, महिन्याला शंभर युनिट फुकट. अटी दोन: अपंगत्वाचं कार्ड पाहिजे आणि घर स्वतःच्या नावावर पाहिजे.

"आपल्या गावात दोन्ही फक्त तुह्याचकडे आहे, ताई," धम्मानंद म्हणाला. "पंधरा दिवसांत यादी भरा लागते. अर्ज घेऊन तालुक्याले जा."

प्रशिक ओट्यावर जेवत होता. त्याचा घास थांबला, मग पुन्हा चालू झाला. संध्याकाळी तो स्वतः मागच्या खोलीत आला. आई गेल्यापासून तो त्या खोलीत बसला नव्हता.

"उद्या मी सुट्टी घेतो, ताई. नेतो तुले."

कचेरी पहिल्या मजल्यावर होती. लिफ्टच्या जागी रिकामा खड्डा होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. प्रशिक तिच्यासमोर पाठ करून बसला. "चढ."

प्रेमिला त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई वीटभट्टीवर जायची तेव्हा तिनंच त्याला सांभाळलं होतं. तो रांगायला लागला आणि हीसुद्धा रांगतच, दोघं एका उंचीचे. तो चालायला लागला त्या दिवशी तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. तिचे पाय त्याच्या गुडघ्यांवर आपटत होते. सव्वीस पायऱ्या होत्या. मधल्या वळणावर तो थांबला, धापा टाकू लागला, आणि तिनं आपल्या पदरानं त्याच्या मानेवरचा घाम पुसला.

"लागून राहिलं का वं तुले?" त्यानं विचारलं.

"नाही गा," ती म्हणाली. तिला रडायला येत होतं.

वर कारकुनानं विचारलं, "सही येते का अंगठा?"

"सही," प्रेमिला म्हणाली.

चार कागद होते. शेवटचा प्रशिकनं आपल्या खिशातून काढला. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराची भिंत कच्ची असल्यानं मीटर भावाच्या पक्क्या घरावर लावावं, तिची हरकत नाही. प्रेमिलानं तो वाचला. दोनदा वाचला. प्रशिक तिच्याकडे पाहत नव्हता, खिडकीबाहेर पाहत होता, आणि त्याच्या शर्टाची पाठ तिच्या वजनाच्या आकारात भिजलेली होती. तिनं सही केली. पूर्ण नावानिशी, खाली रेघ ओढून.

दहा दिवसांत मीटर लागलं. प्रशिकच्या दर्शनी भिंतीवर, बारकं पांढरं, आत हिरवे आकडे. त्याच आठवड्यात प्रशिकनं घराचं जुनं मीटर बंद करून घेतलं आणि घराची सगळी लाइन नव्याला जोडली. दुसऱ्या आठवड्यात ओट्यावर मोठा फ्रीजर आला. सडकेवर ट्रक थांबायचे. ड्रायव्हर थंड पाण्याच्या बाटल्या आणि कुल्फ्या घ्यायचे. भावना गल्ल्यावर बसू लागली. धंदा चालला.

प्रेमिलाच्या खोलीची वायर होती तशीच राहिली, बटन भावनाच्या दाराआड. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुपारी, ते बंद व्हायचं.

"गाडी लावू का वं आज? एक जूनला कारखान्यात जा लागते."

"गाडी लावली का फ्रीजर ट्रिप मारते, ताई. तुमी पाह्यलं ना."

"मंग रातच्याले लावतो."

"रातच्याले कूलर राह्यते. आनि शंभर युनिट तं केव्हाच संपले."

"कशात संपले?"

भावनानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं जेवणाचा घास मोजला. "घरात संपले," ती म्हणाली. "तुमी काय घराच्या बाहेरच्या आहे का?"

खोलीचं टिन दहा वाजता तापायचं. बारापासून आत थांबता येत नसे. प्रेमिला दारातल्या निंबाखाली चादर टाकून दांड्याचं मशीन फिरवायची. दांडा तापायचा, त्याला तिनं चिंधी गुंडाळली होती. खांदा दुखायचा. मोटरची सवय झालेल्या हाताला तो वेग आता गोगलगाईसारखा वाटायचा. त्याच दिवसांत बापूजींना ऊन लागलं. सडकेवरून येताना ते पडले, दोन दिवस शुद्ध नव्हती, ओकाऱ्या झाल्या. डॉक्टरनं सलाइन लावून घरी पाठवलं आणि सांगितलं, गार जागेत ठेवा, नाहीतर पुन्हा आणावं लागेल. प्रशिकनं त्यांची खाट कूलरच्या तोंडासमोर टाकली. तिसऱ्या दिवशी बापूजी उठून बसले. पाचव्या दिवशी त्यांनी भाकर मागितली.

प्रेमिला त्यांच्या पायाशी जाऊन बसायची. गार वाऱ्यात तिचा घाम वाळायचा. तिला तिथं झोप यायची. पण भावना यायची, कूलरमध्ये पाणी टाकायची, आणि बादली ठेवताना जरा जोरात ठेवायची. प्रेमिला उठून बाहेर जायची.

मेच्या शेवटी, दुपारी दोन वाजता, सरकारी जीप आली. त्यात भैरवी नावाची तरुण इंजिनिअर बाई आणि एक लाइनमन होता. जिथं मोफत जोडणी दिली तिथं जाऊन तपासायचं आणि लाभार्थीचा मीटरसोबत फोटो काढायचा, असं त्यांचं काम होतं. सकाळपासून त्यांची नऊ गावं झाली होती. बाईचा चेहरा उन्हानं लाल झाला होता.

प्रेमिला हातांवर चालत ओट्याशी आली. भैरवीनं टॅब धरला, खाली केला, पुन्हा धरला. मीटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आणि प्रेमिला जमिनीवर.

"दोन्ही एका फोटोत यायला हवेत," ती म्हणाली.

"त्यात काय आहे मॅडम," प्रशिक म्हणाला. त्यानं मागून प्रेमिलाच्या काखांत हात घातले आणि तिला उचललं. पाय खाली लोंबले. ओट्यावर कुल्फी घ्यायला आलेले दोन ड्रायव्हर होते, ते पाहू लागले. तिचं झंपर वर सरकलं, पोट उघडं पडलं. दोन्ही हात हवेत, झंपर ओढायला पोचेनात.

"थोडं हसा," भैरवी म्हणाली. मग फोटो काढून टॅबवर बोट फिरवत, "लाइट मिळते ना नीट? खोलीत पंखा, बल्ब सगळं चालू?"

प्रशिकची बोटं काखेत जरा आवळली.

"हाव मॅडम," प्रशिक म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

प्रेमिलानं मान वळवली, मीटर नाकापासून वीतभर होतं. इतक्या जवळून तिनं ते पहिल्यांदाच पाहिलं. खाली चिकटवलेल्या पट्टीवर तिचं नाव छापलं होतं, आडनावासकट.

"नाही मिळत," ती म्हणाली.

"काय?"

"माही खोली मांगं आहे. थ्या खोलीत पंखा नाही. बल्बाचं बटन यायच्या घरात आहे. गाडी चार्ज करू देत नाही. हे मीटर माह्या नावाचं आहे, पन लाइन माही नाही."

फ्रीजरची घरघर तेवढी चालू होती. लाइनमन मागं जाऊन खोली बघून आला आणि त्यानं भैरवीला मान हलवून दाखवलं.

"हे बघा," भैरवी हळू आवाजात म्हणाली. "मी हे लिहिलं तर जोडणी आत्ता तोडावी लागेल. आणि जोडणी तुमच्या नावावर आहे, त्यामुळे गैरवापरही तुमच्याच नावावर धरतात. पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या वीज योजनेत तुमचं नाव येणार नाही. भावावर काही होणार नाही. कळतंय ना? नाहीतर मी 'समाधानी' लिहिते आणि जाते."

"मंग त्यायले मीटर मांगं लावाले सांगा ना, माह्या खोलीवर."

"तसा पर्याय यात नाही," भैरवी म्हणाली, आणि टॅब तिच्याकडे वळवून दाखवला. खरंच नव्हता. दोनच चौकोन होते.

"ताई," प्रशिक कानाशी म्हणाला. त्याचा आवाज कचेरीच्या जिन्यावर होता तसा झाला होता. "सांग ना वं, मिळते म्हनून. उद्यापासून लावू देतो गाडी. आईची आन."

प्रेमिलाला काखेत कळ लागली होती. ड्रायव्हर कुल्फी चोखत पाहत होते. तिला वाटलं, आता हो म्हटलं की हा मला खाली ठेवेल, आणि मग पुन्हा सगळं जमिनीवरूनच बोलावं लागेल.

"लिहा," ती म्हणाली.

प्रशिकनं तिला खाली ठेवलं नाही. त्यानं फक्त हात काढून घेतले.

ती ओट्याच्या कडेवर पडली आणि तिथून जमिनीवर. कमरेचं हाड दगडावर वाजलं. भैरवी "अहो!" म्हणत पुढे झाली.

"मॅडम, घरचं भांडन आहे त्यायचं," लाइनमन म्हणाला. "आपन आपलं काम करा."

त्यानं शिडी लावली, खांबावरची वायर सोडली, मीटरला सील मारलं. भैरवीनं पंचनाम्यावर प्रेमिलाची सही घेतली. जमिनीवर पडल्या पडल्याच तिनं ती केली. जीप गेली.

प्रशिक आत जाऊन आला, त्यानं मोटारसायकल काढली आणि निघून गेला. भावनानं फ्रीजरचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि ड्रायव्हरांना म्हणाली, "घेऊन जा भाऊ, आता पानीच होते." मग प्रेमिलाकडे वळून म्हणाली, "आजपासून भाकर आपली आपन थापा, ताई." ओरडली नाही. हिशेब मिटला, अशा आवाजात.

प्रेमिला अंग ओढत निंबाखाली गेली. कमरेतून वर सणक येत होती. उद्याचा दिवस गेला की परवा एक जून.

थोड्या वेळानं घरातून खोकण्याचा आवाज आला. कूलर बंद पडल्यावर आतली हवा कोंडली होती. बापूजी भिंतीला धरून बाहेर आले. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. त्यांनी निंबाखाली पडलेली जुनी खाट पाहिली आणि तिच्यावर जाऊन पडले. बनियन छातीला चिकटली होती, छाती वरखाली होत होती. सावलीतसुद्धा वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

प्रेमिलानं खोलीतून घागरीचं पाणी आणलं, पदर भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवला. कापडाच्या ताग्यातला पुठ्ठा काढला आणि खाटेशी बसून त्यांना वारा घालू लागली.

बापूजींनी डोळे मिटले.

"तू काहून बोलली वं?" ते म्हणाले.

"खरं होतं, बापूजी."

"खरं तं होतं."

त्यांनी मान जरा वळवली, वारा गळ्यावर यावा म्हणून. तिच्याकडे पाहिलं नाही.

"पन मले गार लागून राह्यलं होतं ना, पोरी."

प्रेमिलाचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. उजवा दंड भरून आला तेव्हा तिनं पुठ्ठा डाव्या हातात घेतला, डावा भरून आला तेव्हा पुन्हा उजव्यात. ऊन निंबाच्या बुंध्यावरून सरकत खाटेच्या पायापर्यंत आलं. तिनं घाम पुसायला क्षणभर पुठ्ठा मांडीवर ठेवला.

"थांबू नको," बापूजी म्हणाले.